डगला झटकायचं काम

३ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

काल फोनवर आधी तू ओरडलास, मग मी ओरडले, मग तू फोन आपटलास. म्हणून आता लिहिते. पत्रात मध्येच बोलता येत नाही, हा एक फायदा. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मगच चिडायला लाग.

तुझी लेक मला सहज म्हणाली, "आत्या, मी यायच्या आत बाबा मागच्या खोलीचं छप्पर स्वतः उतरवणार आहेत." सहज म्हणाली! अरे, ते सिमेंटचे पत्रे आहेत. ॲस्बेस्टॉसचे. कोपरे उडाले म्हणून कारखान्याने बाजूला काढलेले, बाबांनी हातगाडीवर घालून घरी आणलेले. छप्पर त्या पत्र्यांचं आणि न्हाणीघराकडची भिंतही त्यांचीच. हे तुला मी सांगायचं का? तू त्या हातगाडीवर बसून आला होतास.

तू फोनवर जे सांगू दिलं नाहीस ते आता ऐक. तो पत्रा धड आहे, त्याला कुणी छेडत नाही, तोवर तो निमूट बसून असतो. कापला, फोडला, भोक पाडलं, खरवडला की त्यातून बारीक तंतू उडतात. दिसत नाहीत, वास येत नाही, त्या दिवशी साधी शिंकसुद्धा येत नाही. ते छातीत जाऊन बसतात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी हिशेब मागतात. म्हणून हे काम परवाना असलेली माणसं करतात, नखशिखांत झाकून. नगरपालिकेत चौकशी कर आणि त्यांना बोलव. तू डेपोत बसची इंजिनं उघडत होतास, हे मला मान्य आहे. छप्पर म्हणजे इंजिन नव्हे.

पस्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, पण एवढं घसा फोडून कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

वहिनीला सांग, तिच्यावर माझा राग नाही.

तुझी ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार. चिडलोय, तरी नमस्कार.

वाचलं शेवटपर्यंत. दोनदा वाचलं. हिनेही वाचलं आणि वर मलाच म्हणाली, "बघा, ताई किती सरळ सांगतात." म्हणजे आता घरात मी एकटा.

नगरपालिकेत गेलो होतो. तीन खिडक्या फिरलो. पहिल्या खिडकीवाल्याने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसरीकडे आणि तिसऱ्याने विचारलं, "पहिल्या खिडकीत गेला होतात का?" शेवटी एका बाईने वहीत नाव घेतलं आणि म्हणाली, सहा आठवडे लागतील. परवान्याची एकच टोळी आहे आणि तिच्यामागे अख्खं गाव लागलंय. सहा आठवडे! लेकीची नोकरी एक मार्चला सुरू होतेय, पंचवीसला ती पोरीला घेऊन दारात उभी राहणार. दहा महिन्यांची नात माझी, रांगायला लागलीय. तिला त्या गळक्या छपराखाली ठेवू? तूच म्हणतेस ना पत्रे वाईट? मग वाईट वस्तू लवकर काढलेली बरी.

आणि ताई, एक गोष्ट तू सोयीने विसरतेस. बाबा त्या कारखान्यात एकतीस वर्षं होते. त्या धुळीत उभे राहून डबा खायचे. एक्याऐंशी वर्षं जगले आणि गेले ते झोपेत. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यांना काही झालं नाही आणि मला एका दिवसात होणार?

तोंडाला फडकं बांधीन. काळजी करू नकोस.

तुझा भाऊ


१२ फेब्रुवारी

खटपट्या,

फडकं! तोंडाला फडकं बांधून काय होणार? ते तंतू फडक्यातून आरपार जातात. त्याला वेगळा मास्क लागतो, चेहऱ्याला घट्ट बसणारा, आणि दाढी असली तर तोही बसत नाही. तुझी दाढी मला माहीत आहे. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं माझ्या नशिबातच लिहिलंय.

सहा आठवडे लागणार तर लागू देत. छप्पर पन्नास वर्षं तिथे आहे, आणखी दीड महिना राहील. त्या खोलीला कुलूप घाल. लेक पुढच्या खोलीत राहील, तुम्ही दोघं स्वयंपाकघरात पसरा. अडचण होईल. घोरण्याचा त्रास होईल. पण अडचणीने कुणी मरत नाही.

आणि बाबांचं म्हणशील, तर हो, बाबा एक्याऐंशी जगले. सगळ्यांना होतंच असं नाही. एकाला होतं, दुसऱ्याला होत नाही, आणि कुणाला होणार ते आधी कळत नाही. पण आई बावन्नाव्या वर्षी गेली. शेवटी दोन पायऱ्या चढल्या तरी तिला बसायला लागायचं. तिने तर कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं. जरा विचार कर. सध्या एवढंच लिहिते.

पत्र्यांना हात लावणार नाहीस, असं मला लिहून पाठव. तोंडी नको. लिहून.

ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

आईला दमा होता. डॉक्टर म्हणायचे, तू म्हणायचीस, सगळी गल्ली म्हणायची. आता तीस-पस्तीस वर्षांनी तिच्या दम्याचं खापर बाबांच्या पत्र्यांवर फोडू नकोस.

पण तुझ्याशी भांडण्यात अर्थ नाही, म्हणून लिहून देतो. मी त्या पत्र्यांना हात लावणार नाही. टोळी येईपर्यंत खोली बंद. झालं समाधान? तुझ्या जिवाला शांतता, माझ्या कानांना शांतता.

बाकी ठीक. हवा छान आहे. पाळणा रंगवून ठेवलाय.

तुझा भाऊ

ता. क. ताई, मी वहिनी. हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. तुम्ही यांना आता आणखी बोलू नका हं, बिचारे फार हिरमुसलेत. रविवारी दोन पत्रे उतरवले तेवढेच. बोल्ट गंजले होते ते ग्राइंडरने कापले, तेवढ्यात एक पत्रा मधोमध तडकला आणि खाली येऊन फुटला. पण यांनी लगेच सगळं झाडून लख्ख केलं, तुम्हाला माहीतच आहे यांची टापटीप. कपडे खराब होऊ नयेत म्हणून ट्रंकेतला बाबांचा कारखान्याचा खाकी डगला घातला होता. बाबा गेल्यापासून तसाच घडी करून ठेवलेला. म्हणाले, बाबांचं काम बाबांच्या कपड्यात. मला रडूच आलं. अंगणात चांगला झटकला तर केवढा धुरळा निघाला! मग मशीनमध्ये धुतला. लेकीने बाळाची दुपटी आधीच पाठवलीत, तीही त्याच फेरीत काढली. आता सगळं स्वच्छ आहे. काळजी नसावी.


२० फेब्रुवारी

नालायका,

आणि हे मी विचार करून लिहितेय.

आधी कामाचं. खोलीचं दार लाव आणि फटीला ओलं फडकं खुपस. झाडू लावू नकोस. आजही नाही, उद्याही नाही. झाडूने धूळ जात नाही, हवेत उठते आणि तासन्‌तास तरंगते. तुकड्यांना हात लावू नकोस. ग्राइंडर, झाडू, तू घातलेले सगळे कपडे, वहिनीचे त्या दिवशीचे कपडे आणि बाळाची दुपटी आधी पाणी शिंपडून ओली कर, मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, तोंड बांध, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाल. पुन्हा धुवायचं नाही. मशीन बंद ठेव. नगरपालिकेत पुन्हा जा आणि त्या बाईला सांग की पत्रा फुटलाय, घरात बाळ येणार आहे. फुटलेल्याला आधी नंबर देतात. आणि त्या डगल्याला कुणीही, कुणीही झटकायचं नाही.

आता दुसरं. तुला आठवत नसेल, तू लहान होतास. बाबा घरी आले की तू धावत जाऊन त्यांना बिलगायचास आणि पांढरा होऊन परत यायचास. आम्ही हसायचो. मग बाबा डगला काढायचे, आई तो मागच्या दारी नेऊन झटकायची आणि मग धुवायची. रोज. मी अकरा वर्षांची झाले तेव्हा तिला खोकला लागला होता, म्हणून झटकायचं काम माझ्याकडे आलं. आई धुवायची, मी झटकायची. दोन्ही हातांनी खांद्याला धरून दणादणा. उन्हात ती धूळ इतकी सुंदर चमकायची की मी मुद्दाम जास्त झटकायची. लग्न होईपर्यंत नऊ वर्षं. मी गेल्यावर दोन्ही कामं पुन्हा आईकडे.

कळलं का, आईला काय झालं ते? आणि तू तोच डगला काढलास. दहा वर्षं ट्रंकेत जपून ठेवलेला, कापडाच्या विणीत तीच धूळ घेऊन. या घरात तेवढा एकच डगला असा होता, आणि तुला प्रेमाने तोच घालावासा वाटला. वर बायकोने झटकला. आणि वर मला लिहून दिलंस की हात लावणार नाही!

तुझ्या लेकीला मी सगळं सांगितलंय. ती पंचवीसला माझ्याकडे येतेय. नोकरीवाल्यांकडून तिने महिनाभर घरून काम करायची परवानगी घेतली आहे. तुझं घर स्वच्छ असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय ते बाळ तुझ्या उंबऱ्यावर येणार नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

माझ्या लेकीला माझ्यामागे सांगितलंस. तिने फोन करून मला विचारलं, "बाबा, बाळाचे कपडे त्यात धुतलेत?" एवढंच. आणि फोन ठेवला. तुझे नालायक-बिलायक परवडले, तिचं ते फोन ठेवणं नाही परवडलं.

हो, खोटं लिहिलं. रविवारी काम झालं आणि बुधवारी तुझं पत्र आलं. काय लिहू? पोरगी येणार म्हणून घाई केली, दुसरं काय? तिच्यासाठीच केलं. करणाऱ्याच्या चुका निघतात, बसून सल्ले देणाऱ्याच्या निघत नाहीत.

खोली बंद केली. फडकं खुपसलं. पिशव्या भरल्या. ही आता रोज रडते आणि स्वतःला दोष देते. तिला चार ओळी लिही, माझ्यावर हवं तेवढं ओरड.

पण डगला पिशवीत घातलेला नाही. तो मी देणार नाही. बाबांची तेवढीच एक वस्तू राहिलीय माझ्याकडे. घड्याळ तू नेलंस. आणि तू जे लिहिलंयस त्याचा सरळ अर्थ असा होतो की आईला बाबांनी मारलं. हे माझ्याच्याने ऐकवत नाही. ज्या माणसाने स्वतःला नवे जोडे न घेता तुला पुस्तकं घेतली, त्याच्याबद्दल तू असं लिहितेस?

भाऊ


८ मार्च

प्रिय खटपट्या,

वहिनीला वेगळं पत्र टाकलंय, मिळालं असेल. तिचा काही दोष नाही. कुणी सांगितलंच नव्हतं तर तिला कळणार कसं?

बाबांचंही तेच. मी त्यांना दोष देत नाही रे. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं? कारखान्यात धुवायची सोय असती, तिथेच कपडे बदलायला लावले असते, तर त्यांनी ती धूळ घरी आणलीच नसती. आई खोकायला लागली की तेच रात्रभर पाठ चोळत बसायचे. तिच्या खोकल्याचं कारण स्वतःच्याच अंगावरून येतंय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि देवाची कृपा की कळलं नाही. पण आपल्याला कळलंय. कळल्यावरही डगला ठेवायचा, हे प्रेम नाही, हट्ट आहे. वस्तू जपायची म्हणून माणसं खर्ची घालायची का?

तुझी नात इकडे राज्य करतेय. काल माझी चप्पल चघळली. जमिनीवर जे सापडेल ते उचललं की थेट तोंडात. तिच्यामागे रांगून माझे गुडघे गेले. तिला बघितलं की तुझा राग पुन्हा नव्याने येतो, ती त्या धुळीत रांगली असती म्हणून.

मी बरी आहे. थोडा खोकला आहे, हवा बदलतेय. डॉक्टरांकडे जाऊन आले, काही विशेष नाही. तू मात्र एकदा छाती तपासून घे. लहानपणी तूही बाबांना बिलगत होतास आणि आता हा पराक्रम. टाळाटाळ नको.

टोळी कधी येतेय?

तुझी ताई


२१ मार्च

ताई,

नमस्कार करत नाही. आज नाही.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! "काही विशेष नाही" म्हणे! लेकीने काल फोन केला. बाळाने तुझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक पाकीट ओढून काढलं, ते ती काढून घ्यायला गेली तर त्यात तुझ्या छातीचे फोटो. दोन वर्षांपूर्वीचे! फुफ्फुसाच्या आवरणावर दोन्ही बाजूंनी चट्टे. आणि आता एके ठिकाणी जाड दिसतंय म्हणून पुन्हा स्कॅन, येत्या शुक्रवारी. दोन वर्षं! मी एक रविवार लपवला तर नालायक, आणि तू दोन वर्षं लपवलंस तर कोण? मला मास्कवर व्याख्यान देत होतीस तेव्हा ते पाकीट तुझ्या पायाशी होतं. तुझ्याएवढी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि मी आपल्याच घरात वाढलोय.

लेक म्हणाली, "बाबा, आत्याने मला शपथ घातली होती, पण मी मोडली." शाबास तिची.

आता टोळीचं. मंगळवारी आली. चार जण आणि त्यांच्यावर एक बाई. सगळे पांढऱ्या कागदी झग्यांत, तोंडाला ते मोठे मास्क. आम्हाला दोघांना आधी घराबाहेर काढलं. मी म्हटलं, मदत करतो. बाई म्हणाली, "तुम्ही केलीत तेवढी पुरे." खिडकीच्या काचेतून बघत राहिलो. आधी सगळं पाण्याने चिंब केलं, बोल्ट कापले नाहीत, एकेक पत्रा अख्खा, हळूच उतरवला. जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळला, वर चिकटपट्टी आणि धोक्याची खूण. भिंतीचेही तसेच. मग ओल्या फडक्यांनी इंच न्‌ इंच पुसलं आणि ती फडकीसुद्धा पिशवीत. झग्यासकट सगळं पिशवीत. मशीनही नेलं. मी डेपोत इतकी वर्षं कामं बघितली, पण इतक्या सावकाश काम करणारी माणसं बघितली नाहीत. लाज वाटली मला.

शेवटी बाईने विचारलं, अजून काही राहिलंय का? ही माझ्याकडे बघत होती. मी आत गेलो आणि ट्रंक आणली. उघडू दिली नाही तिने, ट्रंकेसकटच गुंडाळायला लावली. नुसतं विचारलं, "डगला कुणाचा?" मी म्हटलं, वडिलांचा, ते पत्र्याच्या कारखान्यात होते. तिने मान डोलावली आणि विचारलं, "आणि धुवायचं कोण?"

ताई, तू मला तीन पत्रं लिहून जे सांगितलंस ते डोक्यात शिरलं नव्हतं. त्या बाईने तीन शब्दांत विचारलं आणि ते शिरलं. माझ्या डोळ्यांसमोर आई नाही आली. तू आलीस. मागच्या दारी, दोन वेण्या, डगला तुझ्याहून मोठा.

ट्रंक गाडीत गेली. मी आडवा आलो नाही.

काल ही आणि मी इथल्या रुग्णालयात जाऊन आलो. फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाने लगेच काही होतं असं नाही, पण नोंद ठेवू आणि दर वर्षी या. माझ्या फोटोत सध्या काही नाही. तुझ्या फोटोत आहे. मी रोज बाबांना बिलगायचो आणि काही नाही, तू त्यांचा डगला झटकायचीस आणि तुला. हा कुठला न्याय?

खोलीची हवा तपासली, दाखला मिळाला. नवं छप्पर महिनाअखेरीस बसेल. लेकीला तू म्हणशील तेव्हाच पाठव, आता मी घाई करणार नाही. पण मी गुरुवारी तुझ्याकडे येतोय. शुक्रवारी स्कॅनला तुझ्याबरोबर मी येणार. नको म्हणू नकोस, मी ऐकत नसतो, हे तुला माहीत आहे.

आणि एक राहिलं. रुग्णालयात फॉर्म भरायला दिला होता. आई कशाने गेली त्या ओळीत मी आयुष्यभर "दमा" लिहीत आलो. काल ती ओळ कोरी सोडली. खाली एक रकाना होता: घरात कुणी ॲस्बेस्टॉसचं काम केलं आहे का? कुणी, किती वर्षं? मी लिहिलं, वडील, एकतीस वर्षं. पेन खाली ठेवलं आणि परत उचललं. त्याखाली लिहिलं, आई, सव्वीस वर्षं. त्याखाली, बहीण, नऊ वर्षं.

खिडकीतल्या मुलीने वाचून विचारलं, "या दोघीही कारखान्यात होत्या?"

मी म्हटलं, "नाही. घरी. पण काम तेच."

तुझा भाऊ